पिकअप पुण्याच्या गॅरेजात सोडण्याआधी

कंपनीतून आली तशीच असलेली पिकअप कुठेही सर्व्हिसला टाकता येते. पुस्तकात लिहिलंय तेवढं ऑइल, तेवढा टॉर्क, तेवढी हवा. पण उंच केलेली, मोठे टायर घातलेली, टर्बो बदललेली, ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) हात घातलेली गाडी त्या पुस्तकातून केव्हाच बाहेर पडलेली असते, आणि तिचं नवं पुस्तक कुणी लिहिलेलं नसतं. सोलापुरातून गाडी नेऊन पुण्यातल्या परफॉर्मन्स गॅरेजवर भरवसा टाकायचा का, हे ठरवण्याआधी ते आपणच लिहून काढायचं. जो ट्यूनर (इंजिनची सेटिंग बदलून देणारा) ते वाचून आपल्याला उलटे प्रश्न विचारतो, त्याच्याकडे गाडी सोडायची. जो न वाचता 'होतंय की' म्हणतो, त्याला चहा पाजून निघायचं.

त्यासाठी शंभर पानी साधी वही पुरे. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण ग्रीसच्या हाताने उलटता येते ती वहीच. प्रत्येक बदलाला एक पान द्या: पार्ट कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, किती किलोमीटरला बसवला, कुणी बसवला, आणि बसवताना मूळचं काय कापलं किंवा वेल्ड केलं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. गाडी उंच करणारं दोन इंचाचं लिफ्ट किट लांबून दिसतं. पण त्यामुळे ब्रेकचा होज ताणला गेलाय का, पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन किती वाढलाय, मागे स्प्रिंगचा एखादा पाटा वाढवलाय की नुसता ठोकळा घातलाय, हे गाडीखाली झोपल्याशिवाय कळत नाही. इंजेक्टर बदलले असतील तर प्रत्येकावरच्या कोडचा फोटो काढून ठेवा. कॉमन रेल डिझेलमध्ये हा कोड ईसीयूत भरावा लागतो. तो भरला नसेल तरी गाडी चालते, फक्त कधी धूर जास्त, कधी आयडलला थरथर. मग ट्यूनर बिचारा त्याच वाकड्या पायावर नवा मॅप (इंधन केव्हा किती पडायचं ते सांगणारी ईसीयूची फाइल) चढवतो.

टायरचं पान गणितासकट लिहा. समजा मूळ टायर २४५/७० आर १६ होता आणि आता २८५/७५ आर १६ आहे. पहिल्याचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर येतो, दुसऱ्याचा ८३४. म्हणजे चाक ११ टक्क्यांनी मोठं झालं. स्पीडोमीटर दुरुस्त केला नसेल तर काटा ९० वर असताना गाडी शंभराला टेकलेली असते, आणि ओडोमीटरवर १०,००० झाले तेव्हा खरे ११,००० च्या वर पळून झालेले असतात. ऑइल बदलायचा हिशेब तिथेच चुकतो. वर गिअरिंग उंच झाल्यामुळे गाडी उठायला जड होते आणि मालक म्हणतो, 'पॉवर कमी पडते, रीमॅप करून द्या.' पॉवर होती तेवढीच आहे, टायरने ती खाल्ली. चांगला ट्यूनर अशा वेळी मॅपच्या आधी डिफरन्शिअलच्या रेशोचा (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरच्या प्रमाणाचा) विषय काढतो. हा प्रश्न तो काढतो का, याकडे माझं पहिलं लक्ष असतं.

वायरिंगला दोन पानं ठेवा. आपल्याकडचे वायरमन हुशार आहेत, अर्ध्या तासात चार लाइट आणि हॉर्न लावून देतात. पण वायरचा रंग हाताला लागेल तो. जादा लाइट, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), दुसरी बॅटरी, हौद्यातला फ्रिज यांची प्रत्येक जोड कुठे घेतलीय, मध्ये रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) आहे का, फ्यूज किती अँपिअरचा आहे आणि तो बॅटरीपासून किती लांब आहे, हे फोटोसकट लिहा. नुसत्या टेपवर तगलेली जोड दिसली तर ती जाण्याआधी इथेच नीट करून घ्या. नाहीतर पुण्यातला माणूस तासाच्या मजुरीवर आपल्या वायरी शोधत बसेल, आणि ते बिल रास्तच असेल.

आता वजनकाटा. हे काम सोलापूरकराइतकं सोपं कुणालाच नाही. साखर कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळे हायवेला लागलं की काटा दिसतोच. फक्त गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, तेव्हा दुपारची निवांत वेळ बघून जा. आधी पुढची चाकं तेवढी काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, आणि दोन्ही पावत्या वहीत चिकटवा. डिझेलची टाकी भरलेली, नेहमीचं सामान हौद्यात, आणि दर वेळी असतात तेवढी माणसं आत. स्टीलचा बंपर, विंच, कॅनॉपी, रूफ रॅक, ड्रॉवर असं एकेक करत वजन कुठल्या कुठे गेलेलं असतं. एकूण आकडा आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा. तिथे शिल्लक किती उरली हे बघून बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. पुढच्या स्प्रिंगची ताकद आणि मागच्या पाट्यांची संख्या याच दोन पावत्यांवरून ठरायला हवी. पावती न बघता 'हेवी ड्युटी घाला' म्हणणारा माणूस रिकाम्या गाडीत तुमची कंबर मोडणार.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या, उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय. मंगळवार पेठेतल्या कुणाकडे तो लागलेला आहे म्हणून आपलाही चालतो, असं होत नाही. विमा कंपनीला कोणते बदल कळवलेत आणि कोणते नाहीत, हे गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देण्याआधी पक्कं करा. गॅरेजचा पोरगा टेस्टला घेऊन गेला आणि काही झालं, तर सर्व्हेअर बदलांपासूनच सुरुवात करतो. ईजीआर किंवा डीपीएफ (धुरातलं प्रदूषण कमी करणारे भाग) 'काढून टाकू, काही होत नाही' असं सुचवणाऱ्या गॅरेजला मी तिथेच नमस्कार करतो. कायदा एका बाजूला ठेवला तरी, जो एक गोष्ट सहज लपवायला सांगतो तो आपल्यापासूनही लपवील.

गॅरेज निवडताना फोनवर काय विचारायचं? 'किती हॉर्सपॉवर वाढवाल' हा प्रश्न सोडून बाकी सगळं. डायनो (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र) स्वतःचा आहे की दुसऱ्याकडे नेणार? कामाआधी आहे त्या अवस्थेत एक रन काढून कागद देणार का? आधीचा आणि नंतरचा रन त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, त्याच टायर प्रेशरवर असेल तरच दोन आकड्यांची तुलना होते. नाहीतर दोन्ही कागद फ्रेम करून भिंतीला लावायच्या लायकीचे. डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह गाड्या टू-हायमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवून मागच्या चाकांवर डायनोला चालतात, त्यामुळे 'फोर बाय फोर आहे, डायनोवर नाही चढत' हे कारण अशा गाड्यांना लागू नाही.

मग विचारा की क्लच आणि गिअरबॉक्सचं काय. टोयोटाने हायलक्स २०२२ मध्ये भारतात आणली तेव्हा इंजिन तेच २.८ लिटरचं, पण ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर आणि मॅन्युअलला ४२०. म्हणजे गिअरबॉक्सप्रमाणे टॉर्कचा आकडा कंपनीही बदलते. आपला ट्यूनर मात्र क्लचचं नावही न काढता टॉर्क वाढवायला निघाला असेल, तर पुढच्या वर्षी क्लच प्लेटचे पैसे बाजूला काढून ठेवा.

आणि उष्णता. पुण्यात ऑगस्टमध्ये केलेला मॅप सोलापुरात मे महिन्यात चालवायचा असतो, जिथे पारा चाळिशीच्या वर दिवसेंदिवस मुक्काम ठोकतो. समोर विंच आणि लाइट बार लावून आपण रेडिएटर-इंटरकूलरची हवा आधीच अडवलेली असते. म्हणून एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज लावायचा का, हे विचारा. डिझेलमध्ये टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान चढावर सलग ७०० अंशांच्या बरंच वर राहत असेल, तर इंधन जास्त पडतंय असंच बहुतेक जाणकार समजतात. मॅप करताना हे तापमान बघितलंच नाही असं उत्तर आलं, तर सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर बघून तो ट्यूनिंग करतो एवढंच सिद्ध होतं.

मूळच्या ईसीयू फाइलची प्रत कामाआधी पेन ड्राइव्हवर मागून घ्या. नवी फाइल कुलूपबंद करणार का, आणि केली तर उद्या दुसऱ्या ट्यूनरला ती उघडता येईल का, हेही विचारा. ट्यूनरने आपली मेहनत राखावी, त्यात वावगं नाही. पण गाडी कंपनीच्या फाइलवर परत आणायचा रस्ता मालकाच्या खिशात असलाच पाहिजे.

हे सगळं ठरलं की एका कागदावर काम लिहून घ्या. काय करायचं, काय करायचं नाही, आणि काही नवीन सापडलं तर कितीपर्यंतचं काम न विचारता करायला मुभा आहे. जुने पार्ट परत हवेत, हेही त्यात. पैसे पार्टसाठी आधी, मजुरी गाडी बघून झाल्यावर, बिल जीएसटीचं. बोलणं एकाच माणसाशी ठेवा, नाहीतर मालक एक सांगतो, फोरमन दुसरं ऐकतो. टेस्ट ड्राइव्ह कोण करणार आणि कुठपर्यंत, हे लिहून घ्यायला संकोच वाटतो खरा, पण घ्या.

नेण्याच्या आदल्या दिवशी गाडी खालून धुवा. चिखल असला की गळती दिसत नाही, आणि चिखलाखालचा बोल्ट खोलायला कुणालाच आवडत नाही. हौदा रिकामा करा. पट्टे, जॅक, टूलकिट घरी. चाकांना लॉक नट असतील तर त्यांची चावी मात्र गाडीतच, डॅशबोर्डवर दिसेल अशी ठेवा; ती सोलापुरात राहिली तर गाडी लिफ्टवर चढून तशीच उतरते. डिझेल अर्ध्या टाकीएवढं असू द्या. ओडोमीटर, डिझेलचा काटा आणि चारी बाजूंचे ओरखडे यांचा फोटो गॅरेजच्या दारातच काढा. फास्टॅग बंद करू नका. गाडी पुण्यात लिफ्टवर असताना मोबाइलवर सोलापूर रस्त्यावरच्या पाटस टोलनाक्याचा मेसेज आला, तर टेस्ट ड्राइव्ह कुठवर गेली हे फोन न करता कळतं.

आणायला जाताना सकाळी पोहोचा आणि आधीच सांगून ठेवा की इंजिन गार असतानाच सुरू करायचं आहे. गरम इंजिन सगळ्यांचंच छान सुरू होतं. सेन्सरच्या वायरी ओढल्या गेल्या असतील, तर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या साध्या ओबीडी स्कॅनरवर बिघाडाचे कोड दिसतात. स्कॅनर स्वतःचा न्या. फोर-हाय आणि फोर-लो लावून बघा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते बघा, अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा. मग फोरमनला शेजारी बसवून कात्रजचा घाट चढून या. तो यायला टाळाटाळ करत असेल तर पैसे देण्याआधी थांबा.

परतीच्या अडीचशे किलोमीटरमध्ये इंदापूर किंवा टेंभुर्णीला थांबून गाडीखाली वाका. ऑइलचा थेंब, कूलंटचा वास, एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. पाट्यांना हात लावला असेल तर यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे असतात. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. किती टॉर्क ते गॅरेजकडून लिहून आणा आणि अक्कलकोट रोडच्या आपल्या पाटेवाल्या मिस्त्रीकडून समोर उभं राहून करून घ्या.

खरी परीक्षा मात्र उन्हाळ्यात. हौदा भरलेला, एसी चालू, मे महिन्यातली दुपार आणि तुळजापूरचा घाट. काम पावसाळ्यात किंवा दिवाळीत झालं असेल, तर तीन महिन्यांची वॉरंटी आपल्या काही कामाची नाही. मेअखेरपर्यंत एक फेरतपासणी आणि मॅपमधली दुरुस्ती मजुरी न घेता करून देऊ, असं बिलावरच लिहून मागा.