वर्गाकडून शेअर्ड डॉकमध्ये काम करून घ्यायचंय? लिंक टाकायच्या आधी एवढं करा

शेअर्ड डॉकची, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येणाऱ्या ऑनलाईन फाईलची, लिंक ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी यात लिहा म्हणून सांगितलं आणि पाच मिनिटांत डॉकची पार वाट लागली, असं माझ्या पहिल्या वेळेला झालं होतं. साठ मुलं, एक कोरं पान, सगळ्यांचे कर्सर एकमेकांवर उड्या मारतायत, एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या वाक्यात घुसतंय, आणि त्यात एका मुलाने स्वतःचा मजकूर पुसायला म्हणून कंट्रोल ए दाबून डिलीट केलं तर सगळ्यांचंच गेलं. व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे फाईलच्या आपोआप साठवलेल्या जुन्या रूपांतून, दोन मिनिटांत परत आणलं, पण तो मुलगा इतका घाबरला की पुढचे दोन आठवडे त्याने कुठल्याच डॉकमध्ये अक्षर लिहिलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती, कोरं पान साठ जणांच्या हातात मी दिलं होतं.

तेव्हापासून प्रत्येक सेमिस्टरला मी हे वापरतेय आणि आता सोडवत नाही. कारण एकच, मुलांचं लिखाण अर्धंकच्चं असतानाच दिसतं. असाइनमेंट जमा झाल्यावर आपण लाल पेन घेऊन जे सांगतो ते मुलं मार्क बघून मिटून टाकतात. तेच वाक्य अजून घडत असताना शेजारी एक प्रश्न टाकला की ते तिथल्या तिथे बदलतं. हे मिळवायचं असेल तर थोडी तयारी लागते, ती कशी करायची ते सांगते. मी गूगल डॉक्स धरून लिहितेय कारण बहुतेकांकडे तेच असतं, पण वर्ड ऑनलाईनमध्येही शेअरिंग, कॉमेंट, जुन्या व्हर्जन हे सगळं आहे, नावं थोडी इकडेतिकडे.

सगळ्यात आधी जागा आखून द्या. कोरं पान कधीच नाही. तासाच्या आत करायचं छोटं काम असेल तर मी दोन कॉलमचं टेबल करते, डावीकडे नाव किंवा गट नंबर आधीच लिहून ठेवलेला, उजवीकडे रिकामी चौकट. प्रत्येकाने आपल्या चौकटीतच लिहायचं, मग वरच्याने कितीही लिहिलं तरी आपलं वाक्य कोणाच्या वाक्यात जात नाही. प्रोजेक्टसाठी मात्र एक मोठा डॉक नको, चार-पाच जणांच्या गटाला एकेक वेगळा डॉक आणि ते सगळे एका फोल्डरमध्ये, फोल्डरची लिंक फक्त आपल्याकडे. डॉकमध्ये हेडिंग आधीच टाकून ठेवा, आणि नुसतं बोल्ड करून नाही तर मेनूतली हेडिंग स्टाईल लावून, म्हणजे बाजूला आउटलाइन दिसते आणि थेट त्या भागावर जाता येतं. प्रत्येक हेडिंगखाली एक ओळीचा प्रश्न लिहा. ‘प्रस्तावना’ एवढंच लिहिलं की मुलं विषयाचा इतिहास लिहीत बसतात, ‘हा प्रश्न कोणाला आणि का पडतो, चार ओळींत’ असं लिहिलं की मुद्द्याचं येतं. आणि हो, एका डॉकमध्ये एका वेळी जास्तीत जास्त १०० जण लिहू शकतात, त्याच्यावर गेले की उरलेल्यांना नुसतं बघता येतं, म्हणजे दीडशेचा वर्ग असेल तर दोन डॉक कराच.

परमिशनकडे नीट लक्ष द्या, निम्मा गोंधळ तिथेच होतो. व्ह्यूअर फक्त वाचतो, कॉमेंटर कॉमेंट टाकतो आणि बदल सुचवतो, एडिटर सगळं करतो. सूचना, वाचनाची यादी, तारखा यांचा डॉक व्ह्यूअर, एकमेकांचं लिखाण तपासायचं असेल तर कॉमेंटर, आणि फक्त ज्यांनी लिहायचंय त्यांनाच एडिटर. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय सोपा वाटतो पण त्यात लॉगिन न करता आलेली माणसं कुठल्यातरी प्राण्याच्या नावाने दिसतात आणि कोणी काय लिहिलं ते नंतर कळत नाही, म्हणून मार्क द्यायचे असतील तर ईमेल टाकूनच शेअर करा, आणि मुलांनी कुठल्या अकाउंटने यायचं ते पहिल्याच दिवशी ठरवून टाका. काही जण स्वतःच्या जीमेलने येतात, काही विद्यापीठाच्या आयडीने, मग तास चालू असताना ॲक्सेस मागणाऱ्या मेलचा ढीग येतो. शेअरच्या खिडकीत गियरचं चिन्ह असतं, त्यात एडिटरना परमिशन बदलता येण्याचा टिक काढून टाका. आणि लिंक पाठवायच्या आधी ती एकदा ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे आपलं लॉगिन नसलेल्या खाजगी खिडकीत, उघडून बघा, बाहेरच्याला काय दिसतं ते लगेच कळतं.

प्रत्येकाला स्वतःची प्रत द्यायची असेल तर गूगल क्लासरूममध्ये असाइनमेंटला फाईल जोडताना प्रत्येक विद्यार्थ्यासाठी कॉपी बनवायचा पर्याय आहे. क्लासरूम वापरत नसाल तर डॉकच्या लिंकमध्ये शेवटी जिथे एडिट हा शब्द येतो तिथपासून पुढचं खोडून कॉपी असा शब्द इंग्रजीत टाका, ती लिंक उघडली की समोरच्याला थेट स्वतःची प्रत करायला सांगते आणि मूळ फाईलला हात लागत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, मार्कांची शीट सगळ्या वर्गाशी शेअर करू नका. कॉलम लपवला म्हणजे सुरक्षित झालं असं नाही, ज्याला फाईल दिसते तो तिची कॉपी काढून लपवलेलं उघडू शकतो. मार्क ज्याचे त्याला वेगळे.

आता प्रत्यक्ष तासात काय होतं ते एका उदाहरणाने दाखवते. नदीच्या पाण्यातल्या ऑक्सिजनवर गटाने एक परिच्छेद लिहायचा होता, वेळ वीस मिनिटं. एका मुलीने लिहिलं, ‘प्रदूषणामुळे पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासे मरतात.’ वाक्य चुकीचं नाही, पण त्यात काहीच नाही. मी ‘प्रदूषणामुळे’ एवढाच शब्द सिलेक्ट करून कॉमेंट टाकली, ‘प्रदूषण ऑक्सिजनला नक्की काय करतं?’ बस. दोन मिनिटं काही हललं नाही, मग गटातल्या दुसऱ्याने वाक्य तोडलं, ‘सांडपाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू वाढतात, ते पदार्थ खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात.’ तेवढ्यात तिसरीने खाली कॉमेंटमध्येच विचारलं की मग उन्हाळ्यात जास्त मासे मरतात ते का, आणि स्वतःच शोधून घातलं की गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. मी सगळा वेळ एकच प्रश्न विचारला होता. हेच लिखाण आठवड्याने कागदावर माझ्याकडे आलं असतं तर मी समासात ‘स्पष्टीकरण द्या’ लिहिलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

म्हणून कॉमेंटचे माझे काही नियम आहेत. मुलाचं वाक्य स्वतः दुरुस्त करायचं नाही, अगदी हात शिवशिवले तरी. फारच वाटलं तर सजेस्टिंग मोडमध्ये जायचं, त्यात आपला बदल वेगळ्या रंगात दिसतो आणि घ्यायचा की नाही ते तो ठरवतो. एका पानावर चार-पाचपेक्षा जास्त कॉमेंट नकोत, तीस टाकल्या की मुलं फक्त शुद्धलेखनाच्या पूर्ण करतात आणि अवघड सोडतात. एखादी कॉमेंट ठराविक मुलासाठी असेल तर ॲट चिन्ह टाकून त्याचा ईमेल लिहा, ती त्याच्यावर असाइन करता येते आणि त्याला मेल जातो. आणि रिझॉल्व्ह, म्हणजे कॉमेंटचं काम झालं म्हणून ती बंद करणं, कोणी करायचं हे आधी ठरवा. माझ्याकडे ज्याने प्रश्न विचारला त्यानेच समाधान झालं की रिझॉल्व्ह दाबायचं, नाहीतर मुलं उत्तर न देताच कॉमेंट मिटवून मोकळी होतात.

मुलं एकदा तरी विचारतातच की दोघं एकाच ओळीत टाइप करतात तरी घोळ कसा होत नाही. सांगा त्यांना, आवडतं. समजा मी तिसऱ्या जागी एक अक्षर घातलं आणि त्याच क्षणी तुम्ही दहाव्या जागचं पुसलं, तर माझ्या अक्षरामुळे तुमचं दहावं आता अकरावं झालंय, म्हणून तुमची आज्ञा माझ्याकडे पोचताना एकाने सरकवली जाते. याला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात आणि त्याच्यावरचा पहिला पेपर एलिस आणि गिब्ज यांचा, १९८९ सालचा. कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात यावर अख्खा तास रंगतो.

व्हर्जन हिस्टरी हा भाग जरा जपून. फाईल मेनूतून उघडते, किंवा कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एच एकदम दाबा, कोणी कधी काय लिहिलं ते रंगात दिसतं. प्रत्येक टप्प्याला व्हर्जनला नाव द्यायची सवय लावा, ‘पहिला कच्चा’, ‘कॉमेंटनंतर’ असं, एका डॉकमध्ये अशी ४० नावं देता येतात, आणि नाव न दिलेल्या जुन्या व्हर्जन कधीकधी एकत्र केल्या जातात म्हणून महत्त्वाची असेल तिला नाव हवंच. पण हिस्टरीत एकाच मुलाचा रंग दिसला म्हणून बाकीच्यांनी काम केलं नाही असं धरू नका. कित्येकदा एकाच्या लॅपटॉपवर चौघं बसून बोलत असतात आणि टाइप एकच करतो. एकदम तीन परिच्छेद एकाच सेकंदाला आले तर ते कुठून तरी उचललेलेच असतील असंही नाही, काही जणांना वर्डमध्ये लिहून पेस्ट करायची सवय असते. आधी विचारा. मी डॉकच्या शेवटी प्रत्येकाकडून तीन ओळी लिहून घेते, मी काय वाचलं, काय लिहिलं, कोणाच्या कशावर मत दिलं, आणि हिस्टरी बघणार आहे हे पहिल्याच तासाला सांगून टाकते. न सांगता मागून बघणं मला बरोबर वाटत नाही, विश्वास गेला की मुलं कच्चं लिहायचंच बंद करतात.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांचा विचार करा. फोनवर टेबलात लिहिणं फार त्रासाचं आहे, अशा वर्गाला टेबलाऐवजी नावाचं हेडिंग आणि त्याखाली मजकूर असं द्या, आणि डॉक्सचं ॲप आधीच घ्यायला सांगा. नेट जातं-येतं अशांनी ऑफलाइनचं सेटिंग नेट असतानाच चालू करून ठेवायचं, नंतर होत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारं कोणी असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि झेड दाबून तो सपोर्ट चालू होतो, आणि मग ‘लाल रंगातलं दुरुस्त करा’ अशा सूचना देऊ नका, शब्दात सांगा. सगळ्यांसमोर लिहायला लाजणारी मुलं असतातच, त्यांना आधी स्वतःच्या कॉपीत लिहून मग गटाच्या डॉकमध्ये आणायची मुभा द्या.

दुसरी टूल्स थोडक्यात. गणित, फिजिक्सची समीकरणं खूप असतील तर ओव्हरलीफ, त्यात लेटेक, म्हणजे समीकरणं नीट मांडायची टाइपसेटिंगची भाषा, एकत्र लिहिता येतं. लॉगिनशिवाय पटकन काही लिहून घ्यायचं असेल तर इथरपॅड, प्रत्येकाला वेगळा रंग आणि टाइमलाइन सरकवली की लिखाण सुरुवातीपासून घडताना दिसतं, ओपन सोर्स आहे त्यामुळे विद्यापीठ स्वतःच्या सर्व्हरवरही बसवू शकतं. नाजूक विषयावरचं लिखाण असेल तर क्रिप्टपॅड बघा, एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात साठवला जातो. पण सेमिस्टरच्या मधे टूल बदलू नका, मुलांचा जीव बटणं शोधण्यात जातो.

शेवटच्या आठवड्यात आवराआवर करा. डेडलाइन झाली की सगळ्यांची परमिशन कॉमेंटरवर आणा, म्हणजे तपासताना मजकूर बदलत नाही. मालक कोण आहे ते बघा, गटातल्या मुलाने डॉक बनवला असेल आणि पास झाल्यावर त्याचं अकाउंट बंद झालं तर डॉकही हातचा जाऊ शकतो, म्हणून मालकी वेळेत बदलून घ्या किंवा निदान डाउनलोड करून ठेवा. ट्रॅशमध्ये टाकलेलं ३० दिवसांनी कायमचं जातं, सुट्टीत तेवढे दिवस सहज निघून जातात. मुलांनाही सांगा त्यांची प्रत काढून घ्यायला. माझ्याकडच्या मुली वर्षभरानंतर अर्ज लिहिताना तो जुना डॉक मागायला येतात, आणि त्यांना तो कॉमेंटसकट हवा असतो.