मे महिन्यात शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं सांभाळून पैसे कसे कमवायचे, आणि तोवर स्वतःचा फोन कसा जिवंत ठेवायचा

दहावी-अकरावीची परीक्षा संपली की नागपुरात आपल्याला काम काय, तर कूलरसमोर पडून रील्स बघणे, कारण दुपारी ४४-४५ अंशात बाहेर कोण मरायला जाणार. पण ह्याच दिवसांत कॉलनीतली अर्धी घरं गावी, लग्नाला नाहीतर चिखलदऱ्याला, पचमढीला जातात आणि घरचा कुत्रा कुठे ठेवायचा ह्यावरून दरवर्षी सगळ्यांच्या डोक्याला ताप होतो. बोर्डिंग महाग पडतं, मावशी नको म्हणते, आणि मांजर तर घर सोडून कुठे राहतच नाही. मग सकाळ-संध्याकाळ जाऊन बघणारं कोणीतरी ओळखीचं पोरगं-पोरगी लागतं, ते आपण. (वय १४ पेक्षा कमी असेल तर पैसे घेऊन करायच्या भानगडीत पडू नका, कायद्यात बसत नाही, अशीच मदत करा.)

काम मागायला पोस्टर-बिस्टर लागत नाही. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आईला एक मेसेज टाकायला सांगा, आपण टाकला तर काकू लोक नुसता अंगठा देतात, आईने टाकला की फोन येतो. रेट आधीच ठरवा, एका चकरेचे किती ते, आणि मांजराची शी काढायची असेल तर त्याचे वेगळे, लाजायचं नाही. नंतर "तुला काय द्यायचं बेटा?" असं विचारलं की आपण "काहीही द्या काकू" म्हणतो आणि मग खरंच काहीही मिळतं.

ते लोक निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यांच्यासमोरच कुत्र्याला पट्टा लावून एक चक्कर मारा, म्हणजे तो तुम्हाला ओढतो का तुम्ही त्याला ते कळतं. खाणं कधी, किती वाटी, कशाला घाबरतो, रेबीजची सुई कधी दिलीय, कोणतं औषध चालूय, डॉक्टर कोण, आणि रात्री काही झालं तर पैसे कोण देणार, हे सगळं विचारून व्हॉइस नोटमध्ये त्यांच्याच आवाजात घ्या. कागद हरवतो आणि आपलं अक्षर आपल्यालाच लागत नाही. डॉक्टरांचा नंबर सेव्ह करा. आमच्याकडे सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेजचा दवाखाना आहे, तसा तुमच्या गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे आणि कधी उघडा असतो ते आधीच बघून ठेवा.

आता फिरवणं. सकाळी साडेपाच ते सात, बस. आठ वाजता "अजून ऊन कुठेय" वाटतं पण ते चप्पल घातलेल्या माणसाला. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होत नाही. संध्याकाळीही सूर्य मावळला म्हणून लगेच निघू नका, डांबर बराच वेळ तापलेलं असतं, मातीच्या मैदानात न्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो, म्हणून पगसारखी चपट्या नाकाची आणि हस्कीसारखी जाड केसांची कुत्री इथल्या उन्हाळ्यात खरंच हाल काढतात. (नागपुरात हस्की पाळणाऱ्यांना मला एकदा नीट विचारायचंय की का.) धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट चिकट झालीय, हिरड्या लालभडक दिसतात, चालताना झोकांड्या जातात, उलटी झाली, तर हे ऊन लागल्याचं लक्षण आहे. सावलीत घ्या, साधं पाणी पोटावर, पायांवर ओता, पंखा लावा, थोडं थोडं पाणी प्यायला द्या आणि मालकाला फोन लावत लावतच डॉक्टरकडे निघा. नॉर्मल कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, त्यामुळे नुसता हात लावून ताप आला म्हणून घाबरू नका.

खायला फक्त जे सांगितलंय तेच. तो डोळे मोठे करून बघतो आणि आपण विरघळतो, पण पोह्यांतला कांदा, शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट हे सगळं कुत्र्याला विषारी आहे. आणि मे महिन्यातली खास गोष्ट म्हणजे आंब्याची कोय, चोखून टाकलेली कोय कुत्रा गिळतो आणि ती आतड्यात अडकते, म्हणून डस्टबिनचं झाकण बघा. दुखतंय वाटलं तरी घरातली क्रोसिन वगैरे देऊ नका, मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

मांजराचं काम सोपं वाटतं कारण ते पहिल्या दिवशी पलंगाखालून बाहेरच येत नाही. ओढून काढू नका, वाटी भरा, लिटर ट्रे (मांजराचा शी-शूचा ट्रे) साफ करा, थोडा वेळ तिथेच बसा. बघायच्या गोष्टी दोनच. एक म्हणजे खातंय का, कारण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर मालकाला कळवायचं, उपाशी राहिलं की मांजराच्या लिव्हरवर येतं. दुसरं, बोका असेल तर ट्रेमध्ये लघवी दिसते का ते. सारखा बसून जोर लावतोय आणि येत काहीच नाही तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

त्यांच्या घरच्या कूलरमध्ये पाणी भरायचं असेल तर आधी बटण बंद, प्लग काढा, पायात चप्पल, मगच पाइप. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या येतात. कुत्र्याची पाण्याची वाटीही कूलरपासून लांब ठेवा.

दात किंवा नख लागलं, अगदी खेळता खेळता थोडं खरचटलं तरी लपवायचं नाही. नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, घरी सांगायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, लस तिथे मोफत मिळते. "त्याची सुई झालीय" असं मालक म्हणाले तरी जायचंच, पुढचं डॉक्टर ठरवतील.

आता फोन, कारण माझ्या मते हे काम अर्धं फोनवरच चालतं. पैसे आपल्याला कुत्रा फिरवायचे मिळतात असं वाटतं, पण तिकडे लग्नात बसलेल्या काकूंना खरं हवं असतं ते सकाळी सात वाजता आलेला फोटो. रोज दोन फोटो आणि वाटीचा एक छोटा व्हिडिओ पाठवला की त्या पुढच्या वर्षीही तुम्हालाच बोलावतात. मोठ्या कुत्र्याला घेऊन निघताना आईला एक तासाचं लाइव्ह लोकेशन टाका.

पण आपल्याकडे असतो तो बाबांचा जुना फोन, त्यात "स्टोरेज फुल". व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज, तिथे पाच एमबीच्या वरचे व्हिडिओ एकत्र दिसतात, गुड मॉर्निंगवाले सगळे उडवा. ग्रुपचं ऑटो डाउनलोडही बंद करा. उन्हात फोन तापला की चार्जिंग आपोआप थांबतं, कॅमेरा बंद पडतो, तेव्हा कव्हर काढून सावलीत ठेवा, फ्रीजमध्ये नाही, आत ओल धरते. पाण्यात पडला तर बंद करा, सिमचा ट्रे काढा, पुसा, पंख्यासमोर ठेवा, आणि तांदळाच्या डब्यात खुपसू नका, पिठूळ कण चार्जिंगच्या भोकात जातात. पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावायचा नाही.

पैसे आईच्या क्यूआर कोडवर घ्या. अनोळखी नंबरवरून कोणी "तुमच्या पोराचे पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणालं तर फोन कट करा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे.

ते लोक परत आले की चावी हातात द्या, गेटवर नाही, वॉचमनकडे तर नाहीच. फूड किती उरलं, कोणत्या दिवशी कमी खाल्लं हे सांगा, आणि त्यांच्या घराचे, कुलपाचे, चावीचे जे फोटो तुमच्या फोनमध्ये असतील ते त्यांच्यासमोरच डिलीट करा.