'शटर आयलंड' पाहताना या चुका टाळा

चित्रपट अजून पाहिला नसेल तर हे नंतर वाचा, कारण पुढे शेवट उघड केला आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दीपगृहातला प्रसंग झाला की सिनेमा संपला असं मानणं. बेटावरच्या मनोरुग्णालयात हरवलेल्या रुग्णाला शोधायला आलेला टेडी स्वतःला मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी समजत असतो. दीपगृहात रुग्णालयाचे प्रमुख डॉ. कॉली त्याला सांगतात, तू मार्शल नाहीस, इथलाच सदुसष्टावा रुग्ण अँड्र्यू लेडिस आहेस. आमच्या घरी याच क्षणी कोणीतरी दिवा लावला, गप्पा सुरू झाल्या आणि पायऱ्यांवरचा शेवटचा संवाद कोणी ऐकलाच नाही. सगळा सिनेमा त्या संवादात आहे! राक्षस म्हणून जगणं वाईट की भला माणूस म्हणून मरणं, असं विचारून टेडी उठतो. मागून त्याचा डॉक्टर, म्हणजे इतका वेळ जोडीदार मार्शल म्हणून वावरलेला चक, 'टेडी' अशी हाक मारतो, पण टेडी वळत नाही. डेनिस लेहेन यांच्या 2003 च्या मूळ कादंबरीत हे वाक्य नाही, ते सिनेमासाठी लिहिलं गेलं.

म्हणून 'तो वेडा होता की सरकारचा कट होता?' यावर वाद घालत बसू नका. आजार खराच आहे, याच्या खुणा सुरुवातीपासून पेरलेल्या आहेत. पिस्तूल जमा करताना चकला ते म्यानातून नीट काढता येत नाही. मुरलेल्या मार्शलचं असं होईल का? बोटीत टेडी पाणी पाहूनच कासावीस होतो. त्याची तीन मुलं तळ्यात बुडाली होती. खरा प्रश्न वेगळा आहे. शेवटी तो पुन्हा भ्रमात गेला, की सगळं आठवत असताना त्याने मुद्दाम लोबोटॉमी, म्हणजे मेंदूचा भाग कापण्याची शस्त्रक्रिया, स्वीकारली? मला दुसरं उत्तर पटतं, आणि त्यामुळेच तो शेवट मला सोसत नाही. काळ 1954 चा आहे. कॉलींना मेंदू न कापता माणूस बरा करून दाखवायचा आहे. तो बरा झाला असेल, तर कॉली जिंकूनही हरले.

टेडी रुग्णांची चौकशी करतो, त्यातली एक बाई पाणी पिते तेव्हा एका शॉटमध्ये तिच्या हातात ग्लासच नसतो. ही संकलनातली चूक समजून पुढे जाऊ नका. पाणी म्हणजे सत्य आणि आग म्हणजे भ्रम, असं धरून तो प्रसंग परत बघा. गुहेतली डॉक्टरीणबाई भेटते तेव्हा मध्ये शेकोटी पेटलेली आहे, हेही मग डोळ्यांत भरतं.

नावांचं कोडं देवनागरीत सोडवायला जाऊ नका, जुळणार नाही. टेडीचं पूर्ण नाव एडवर्ड डॅनियल्स, आणि त्याच अक्षरांची उलटापालट केली की अँड्र्यू लेडिस होतं. दोन्ही नावांची इंग्रजी स्पेलिंगं कागदावर लिहा आणि एकेक अक्षर खोडत जा.

एवढं करूनही गोंधळ उरला, तर पूर्ण 138 मिनिटं लगेच पुन्हा बघू नका. बोटीपासून पहिली वीस मिनिटं लावा आणि टेडीकडे न बघता फक्त चककडे बघा. जोडीदार म्हणून वावरणारा तो माणूस प्रत्येक वेळी टेडीकडे डॉक्टरच्या नजरेने बघत असतो.