अन्नातील नॅनोकण आणि आतड्यातील जिवाणू : खरेदी करताना काय पाहावे

महिन्याच्या वाणसामानातून शंभर नॅनोमीटरपेक्षाही (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान असे कण, म्हणजेच नॅनोकण, आपल्या पोटात नियमितपणे जात असतात. ते सगळे घातक नसतात. दुधातील केसीन हे प्रथिन मुळातच साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर आकाराच्या गोळ्यांच्या रूपात असते आणि आपण ते सहज पचवतो. म्हणून कोणत्याही पदार्थाबाबत पहिला प्रश्न असा विचारावा, की त्यातील कण वाटेत पचतो किंवा विरघळतो का? जो कण पचत नाही आणि रक्तातही फारसा शोषला जात नाही, तो मोठ्या आतड्यापर्यंत तसाच पोहोचतो आणि आपल्या शरीरातील बहुसंख्य जिवाणूंची वस्ती नेमकी तिथेच असते.

या कसोटीवर सर्वांत आधी लक्ष द्यावे ते टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या खाद्यरंगाकडे. वेष्टनाच्या मागच्या बाजूला घटकांच्या यादीत तो ‘आयएनएस १७१’ किंवा ‘ई १७१’ अशा क्रमांकाने लिहिलेला असतो. च्युइंगम, कडक आवरणाच्या रंगीत गोळ्या, केकवरचे पांढरेशुभ्र फॉन्डंट आणि केक सजवण्याचे तयार साहित्य, या वस्तू हातात घेतल्या की हा क्रमांक आवर्जून शोधावा. हा रंग नॅनोकण म्हणून बनवला जात नसला, तरी त्यातील बऱ्याच कणांचा आकार शंभर नॅनोमीटरच्या आत असतो; २०१२ साली अमेरिकेत तपासलेल्या एका नमुन्यात संख्येने सुमारे ३६ टक्के कण तसे होते. त्याच अभ्यासात दहा वर्षांखालील मुलांच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते २ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसांपेक्षा बरेच जास्त टायटॅनियम डायऑक्साइड जात असल्याचा अंदाज निघाला. गोळ्या आणि च्युइंगम जास्त कोण खाते, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

जिवाणूंवर नेमके काय होते, हे समजण्यासाठी सिडनी विद्यापीठातील संशोधकांचा २०१९ मधील उंदरांवरचा प्रयोग महत्त्वाचा आहे. पाण्यातून हा पदार्थ दिल्यावर उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंच्या जाती फारशा बदलल्या नाहीत; मात्र ते जिवाणू जी द्रव्ये तयार करतात त्यांत बदल झाला, जिवाणूंचे चिकट थर बनण्याची प्रवृत्ती वाढली, आतड्याचे रक्षण करणाऱ्या श्लेष्मल थराशी संबंधित जनुकाचे कार्य मंदावले आणि दाहाची लक्षणे दिसली. त्यामुळे केवळ ‘कोणते जिवाणू आहेत’ एवढेच मोजणाऱ्या चाचणीवर विसंबून निर्धास्त होऊ नये. युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नात या रंगावर बंदी घातली, ती प्रामुख्याने जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही या कारणाने; जागतिक पातळीवरील अन्नसंमिश्रकांच्या (अन्नात मुद्दाम मिसळायच्या रंग-रसायनांच्या) तज्ज्ञ समितीने मात्र २०२३ मध्ये पूर्वीचेच सुरक्षिततेचे मत कायम ठेवले. भारतात ठरावीक पदार्थांत त्याला परवानगी आहे. तज्ज्ञांत असा मतभेद असला, तरी माझा कौल स्पष्ट आहे : या रंगाने पोषणही मिळत नाही आणि पदार्थ टिकतही नाही, तेव्हा तो टाळून आपले काहीच बिघडत नाही.

सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे ‘आयएनएस ५५१’, हा भुकटीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तयार मसाले, सूप आणि सरबतांच्या भुकट्यांत घातला जातो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये सध्याच्या वापराबाबत चिंतेचे कारण नाही असा निष्कर्ष काढला आहे. म्हणून त्याची धास्ती घेऊ नये. तरीही तो नको असेल, तर भवानी पेठेतून किंवा मार्केट यार्डातून अख्खे मसाले आणून डंकावर कुटून घेणे हा पुण्यात सहज जमणारा मार्ग आहे.

चांदीचा विचार थोडा बारकाईने करावा लागतो, कारण चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) जिवाणूंना मारतात आणि त्याच गुणासाठी नॅनोचांदी वापरली जाते. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. काहींत जिवाणूंचे प्रमाण बदलले, तर काहींत काहीच फरक पडला नाही. मिठाईवरच्या वर्खाबाबत भारतीय नियमांत दर चौरस मीटरला कमाल २.८ ग्रॅम चांदी आणि ९९.९ टक्के शुद्धता अशी अट आहे. या वजनावरून हिशेब केला तर वर्खाची जाडी सुमारे २७० नॅनोमीटर भरते आणि पेढ्यावरच्या चार चौरस सेंटीमीटर तुकड्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम चांदी पोटात जाते. गणपती-दिवाळीला असा पेढा खाण्यात मला धोका वाटत नाही, पण वर्ख खरा आहे ना, हे पाहावे : बोटांत चुरडल्यावर चांदीचा वर्ख भुकटीसारखा होतो, तर ॲल्युमिनियमचे लहान तुकडे पडतात. रोज घेण्याचे टॉनिक म्हणून विकले जाणारे चांदीचे द्रावण मात्र कटाक्षाने नाकारावे. त्याच्या सततच्या सेवनाने त्वचा कायमची निळसर-करडी पडू शकते आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशा द्रावणांची औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत असे ठरवले आहे.

टाळण्याइतकेच महत्त्व जिवाणूंना खाऊ घालण्याला आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, मटकीची उसळ, पालेभाज्या यांतील तंतू मोठ्या आतड्यात आंबतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात आणि आतड्याच्या आतील पेशींना ऊर्जा मिळते. या आहाराने नॅनोकण बाहेर पडतात असा दावा कोणी केला तर तो मानू नये. श्लेष्मल थर आणि जिवाणू सुस्थितीत राहणे हाच त्याचा लाभ आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे प्रमाण इतर देशांतील लोकांपेक्षा जास्त असल्याचे दाखवले होते. परदेशातील उंदरांवरचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

औषधाच्या गोळ्यांच्या आवरणातही टायटॅनियम डायऑक्साइड असतो. त्या भीतीने डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नये. युरोपनेही औषधांतील त्याचा वापर चालू ठेवला आहे. आतड्याच्या दाहाचा जुना आजार असेल, तर पर्यायी गोळीबद्दल डॉक्टरांनाच विचारावे.

वेष्टनावर केवळ ‘अनुमत रंग’ असे मोघम लिहिले असेल, तर तिथेच छापलेल्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर दोन प्रश्न लेखी पाठवावेत : रंगाचा आयएनएस क्रमांक कोणता, आणि टायटॅनियम डायऑक्साइड वापरला आहे का? उत्तर येईपर्यंत ती वस्तू मुलांसाठी घेऊ नये.