तिखट लागलं की पाणी पिता? मिरची खाताना या चुका टाळा

वडापावसोबतची तळलेली मिरची बेसावध चावली की नाका-डोळ्यांतून पाणी येतं आणि हात बाटलीकडे जातो. इथेच चुकतं. मिरचीला तिखट करणारं द्रव्य, कॅप्सेसिन, तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. घोटभर पाण्याने ते धुऊन निघायचं सोडून तोंडभर पसरतं.

वर कटिंग मारणं म्हणजे तर आगीत तेल. जिभेवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला) कॅप्सेसिन चिकटतं, ती एरवी साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेने जागी होते. ती शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे जीभ भाजलेली नसते, मेंदूला तसं वाटतं. गरम चहाने ते वाटणं वाढतंच.

उपाय दुधाचा. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, त्यामुळे सायीचं दूध नसलं तरी चालतं. मात्र गटकन गिळू नका, तोंडात घोळवा. दही, लस्सीही चालेल. दादरला मिसळीवर पीयूष मागवणारे योग्यच करतात: त्यात दह्याचं केसिन आणि साखर दोन्ही येतात, आणि साखरेनेही जळजळ कमी वाटते. सोलकढी मला प्रिय, पण तिच्यात केसिन नाही. नारळाच्या स्निग्धतेचा काय तो आधार.

बिया काढल्या म्हणजे मिरची सौम्य झाली, हाही गैरसमज. तिखटपणा असतो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत. मिरची उभी चिरून चमच्याच्या टोकाने ती खरवडा.

उन्हाळ्यात लालबागला मसाल्याची मिरची घेताना नुसत्या रंगावर जाऊ नका. लालभडक ब्याडगी रंगाला उत्तम, तिखटाला बेताची. तिखट हवं तर लवंगी घाला, पण हात राखून.

सगळ्यात त्रासदायक चूक हातांची. ठेचा कुटून हात नुसते पाण्याने धुतले आणि तासाभराने लेन्स काढायला बोट डोळ्यात घातलं, की संपलंच. आधी हातांना गोडं तेल चोळा, नखांच्या कडांनाही, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. डोळ्यात गेलंच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. दूध डोळ्यात घालू नका, आणि जळजळ थांबलीच नाही तर डॉक्टर गाठा.