पुवाच्या ड्रेसिंगला रुग्णाच्या घरी जाताना: पिवळी पिशवी घेतलीत का?

डॉक्टरांचा कागद, गॉज, बोळे, चिकटपट्टी, कात्री, चिमटे. हे सांगायला नको. सलाइनची बाटली सीलबंद घ्या, परवा फोडलेली नको. हातमोज्यांच्या मात्र दोन जोड्या: जुनी पट्टी काढायला साधी, नवी बांधायला निर्जंतुक, आणि मध्ये हात धुणं, किमान ४० सेकंद. पू लागलेल्या मोज्यांनीच नवी गॉज उचलणार असाल तर जाऊच नका.

आणि पिवळी पिशवी, म्हणजे पू-रक्त लागलेल्या पट्ट्या-बोळ्यांच्या कचऱ्याची. नुसती बॅगेत असून भागत नाही. मोजे चढवायच्या आधी ती उघडून, तोंड बाहेर दुमडून, जखमेच्या बाजूला हाताशी ठेवायची. माझी एकदा बॅगेच्या तळाशी घडीत राहिली. चिमट्यात भिजलेली पट्टी, पू टपकतोय थेट सोलापुरी चादरीवर, आणि त्या घरची सून साखरेची रिकामी पिशवी घेऊन धावतेय. तेव्हा आधी पिशवी, मग मोजे. जखमेखाली मॅकिंटॉशही (रबरी कापड) घाला, चादर घरच्यांची असते.

डॉक्टरांनी दुखण्याची गोळी लिहिली असेल तर अर्धा तास आधी द्यायला फोनवर सांगा. स्वच्छ जखमांची घरं आधी, पुवाचं घर शेवटी.

पंखा बंद. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना हे सांगितलं की सगळं घर सवतीकडे बघावं तसं बघतं. बघू द्या. पंख्याने उडालेली धूळ उघड्या ट्रेवर बसते. जखमेत हळद भरलेली दिसली तर ओरडू नका, पुढच्या वेळी ते लपवतील.

पिशवी उघडलीत ना? मग पट्टी सोडा. चिकटली असेल तर ओढू नका, सलाइनने भिजवून थांबा. कल्चर (जखमेतले जंतू तपासणं) सांगितलं असेल तर नमुना सलाइनने धुतल्यावर, औषध लावण्याआधी घ्या. एक बोळा एकदाच फिरवायचा, मग पिशवीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस लोकांना आवडतो, पण नव्याने भरणारं मांस त्याने जळतं. कागदावर नसेल तर नको. खोल जखमेत गॉज सैल भरा. किती तुकडे भरले ते लिहा, आत राहिलेला तुकडा पुन्हा पू करतो.

बाकी नेहमीचं: वास, रंग, माप, तारीख. ताप, पसरणारी लाली, काळी पडलेली कड दिसली तर तिथूनच डॉक्टरांना फोन. मोजे लाल पिशवीत, ती रबर-प्लास्टिकच्या कचऱ्याची. पिवळीला गाठ मारून दवाखान्यात परत आणा, घंटागाडीत टाकू नका.