मृग लागायच्या आत छत बंद: शाळेच्या बसचं घर करण्याआधीची तयारी

बस बघायला दुपारी दोनला जा. सकाळी झाडाखाली उभी केलेली कुठलीही बस चांगलीच वाटते. खिडक्या लावून पाच मिनिटं मधल्या सीटवर बसा, छताला आतून तळहात लावा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. हे घर उन्हासाठीच बांधायचं आहे, हे तिथे बसल्यावर अंगाला कळतं. उठून सरळ उभं राहा आणि डोक्यावर किती जागा उरते ते टेपने मोजा, कारण छताखालचा उष्णता अडवणारा थर आणि जमिनीवरचा प्लाय मिळून तीन-चार इंच खाणार आहेत.

पैसे देण्याआधी कागद. नागपूरच्या गाड्या एमएच ३१, ४० आणि ४९ मध्ये नोंदलेल्या असतात. आपली बस शहर, ग्रामीण की पूर्व, कुठल्या आरटीओची ते बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही, आणि सीट काढल्या की नोंदणीपत्रातली आसनसंख्या जुळत नाही. म्हणून परवानगीचा अर्ज आधी, पाना नंतर. फिटनेसची तारीख, थकलेला कर, बँकेचा बोजा हेही त्याच फेरीत तपासा. ‘स्कूल बस’ची पाटी आणि पिवळा रंग उतरवायचं कामही यादीत धरा, रस्त्यावरच्या लोकांनी ही मुलांची गाडी समजू नये.

सीट काढायला दोन माणसं लागतात, एक गाडीखाली पाना धरून आणि एक वर. गंजलेला नट फिरलाच नाही तर ग्राइंडर, पण आधी बॅटरीची तार सोडवा आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते वाकून बघा. मग रबराची चटई उचलाच. आमच्या बसचा प्लाय वरून अगदी कोरडा होता. मागच्या चाकाच्या कमानीपाशी पेचकस टेकवला तर तो आरपार गेला आणि भोकातून खालचा मुरूम दिसला. वर्षानुवर्षं मुलांच्या ओल्या बुटांचं पाणी तिथे मुरलेलं होतं. सडका पत्रा कापून नवा जोडा, बाकी तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारा. लोखंडी सामान इतवारीच्या लोहाओळीत आणि प्लाय लकडगंजात बघा.

छतावर मात्र हात आखडू नका. आतल्या लोखंडी कमानी ऊन थेट आत आणतात, म्हणून नुसत्या कमानींमधल्या पोकळीत थर भरून भागत नाही, कमानींवरूनही लाकडी पट्टी किंवा फोमची पट्टी जायला हवी. बाहेरून पांढरा, उष्णता परतवणारा रंग द्या. सोलर पॅनल छताला चिकटवू नका. चार बोटं उंच फ्रेमवर बसवले की खालून हवा खेळते, छताला सावली मिळते आणि पॅनलही कमी तापतात. तापलेलं पॅनल वीज कमी देतं.

हे सगळं नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, आधी उरकायचं, कारण जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतं. पाइपाने अर्धा तास पाणी मारा, एकजण आत खडू घेऊन बसू द्या, ओल दिसेल तिथे खूण. रिवेट आणि सरकत्या खिडक्यांच्या खाचा आधी तपासा. फर्निचर त्यानंतरच.

कूलर मेमध्ये छान चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही, तेव्हा पंखेच. दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो, ती चाकांच्या दांड्याजवळ ठेवा आणि काम संपल्यावर बस धरमकाट्यावर नेऊन पावती जपून ठेवा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झरोक्याची जाळी हवीच. आणि मागचं आपत्कालीन दार. तिथे पलंग फार सोयीचा बसतो, तरी लावू नका. दाराच्या बिजागरीला तेल घाला आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाला ते आतून स्वतः उघडता येतं का, अंधारातही, ते करून बघा.